तीनशे वीस खुर्च्या

"खुर्च्या सगळ्या लावायच्या, मामा. तीनशे वीसच्या तीनशे वीस. आणि माणूस एकही नको."

नगरपालिकेचे साहेब सह्या करता करता बोलत होते. मामा टेबलासमोर उभे होते. सभागृहात खुर्च्या कमी पडल्याच्या तक्रारी त्यांनी आजवर ऐकल्या होत्या, खुर्चीच्या खिळ्यानं नवा कोट फाटल्याची तक्रारही ऐकली होती. ही मागणी मात्र नवीन होती.

"माणसं नाहीत तर खुर्च्या कशाला, साहेब?"

"रिकाम्या दाखवायच्यात."

"रिकाम्या तर त्या रोजच असतात. कधीही या म्हणावं."

साहेबांनी मान वर केली. "अहो, त्या गाणाऱ्या बाई येताहेत. फार वर्षांपूर्वी आपल्या इथे त्यांचा कार्यक्रम झाला होता ना, एक चिटपाखरू फिरकलं नव्हतं तो? त्यांच्यावर माहितीपट निघतोय. तो प्रसंग इथेच पुन्हा करून दाखवायचाय. गुरुवारी सकाळी अकराला."

"साहेब, त्या दिवशी मी..."

"होतात. माहीत आहे. माझे सासरेही होते, पुढून तिसऱ्या रांगेत. बाई मात्र म्हणतात, कोणीच नव्हतं. आता कोणाचं खरं मानायचं?" साहेबांनी कागद पुढे सरकवला. "रांगा तेवढ्या सरळ लागल्या पाहिजेत हं."

हे मामांना सांगायची काही गरज नव्हती. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुतळी ताणून ते रांग लावत. वीस खुर्च्यांची एक रांग, अशा सोळा रांगा. प्रत्येक खुर्चीचा पुढचा पाय सुतळीला टेकला पाहिजे, पण सुतळी हलता कामा नये. ही पद्धत त्यांना कोणी शिकवली नव्हती. काच कारखान्याचं सभागृह होतं तेव्हा पंचविशीतल्या मामांनी ती स्वतःच शोधून काढली होती. पुढे कारखाना बंद पडला, सभागृह नगरपालिकेकडे आलं, लाकडी खुर्च्या जाऊन लोखंडी घडीच्या आल्या. सुतळी तीच राहिली. लोक येत, खुर्च्या कराकरा ओढून गप्पांसाठी वाकड्यातिकड्या करत, आणि दोन मिनिटांत मामांच्या दोन तासांच्या कामाचं पार वाटोळं करून टाकत. मामांना त्याचं काही वाटायचं नाही. सरळ रांग बघायला जगात आपण एकटेच आहोत, हे त्यांनी केव्हाच मान्य केलं होतं.

त्यांना सगळे मामा म्हणत. शिपायाला मामा म्हणायची रीतच आहे म्हणून ते अख्ख्या गावाचे मामा झाले होते; सख्खा भाचा किंवा भाची म्हणाल तर एकही नव्हती, कारण बहीणच नव्हती. लग्न राहून गेलं. राहून गेलं म्हणजे कोणी मोडलं नाही, कोणी फसवलं नाही. बघू बघू म्हणता म्हणता धाकट्या भावाचं झालं, आणि मग घरात एक खोली मामांची आणि दोन भावाच्या, अशी वाटणी होऊन तो विषय मिटला. भाऊ बरा होता. भावजय वेळेवर ताट वाढायची आणि टोमणे मारायचे ते हसून मारायची. एकच माणूस मामांचं म्हणावं असं होतं, ते म्हणजे पुतणी.

त्या पुतणीला मामांनी लहानपणापासून एकच गोष्ट सांगितली होती. इतर मुलांना राजाराणीच्या गोष्टी सांगतात. हिला त्या चौघांची.

गोष्ट अशी. तेहतीस वर्षांपूर्वी एका शनिवारी दुपारी एक खटारा गाडी सभागृहाच्या मागच्या दाराशी लागली. चौघं उतरले. गाणारी मुलगी, गिटार वाजवणारा उंच मुलगा, सिंथेसायझरवाला चष्मिस, आणि ड्रम वाजवणारा एक हडकुळा, जो त्या मुलीला ताई म्हणायचा. नाव कोणी ऐकलेलं नव्हतं. त्यातून त्याच दिवशी मैदानावर काच कारखान्याच्या संघाचा अंतिम सामना होता. सभागृहाच्या मॅनेजरसाहेबांनी सुद्धा "मामा, तुम्ही बघून घ्या" म्हणून मैदान गाठलं. दुपारी तालीम झाली. चार वाजता मामांनी दारं उघडली. सव्वाचार झाले, साडेचार झाले, दारातून आत आलं ते फक्त ऊन.

चौघं स्टेजच्या कडेला उभे राहून हळू आवाजात बोलत होते. शेवटी ती मुलगी म्हणाली, "ठरल्याप्रमाणे वाजवायचं. सगळं."

आणि त्यांनी वाजवलं. सव्वा तास वाजवलं. अकरा गाणी.

"आणि ऐकायला मी एकटा," मामा इथे नेहमी थांबत. "तीनशे वीस खुर्च्या रिकाम्या आणि मी उभा."

"बसलात का नाही, काका?" पुतणी लहानपणी विचारायची.

"बसायची परवानगी नव्हती गं."

तिला त्यातली गंमत वाटायची. ती पुन्हा पुन्हा तेवढाच भाग सांगायला लावायची.

तीन वर्षांनी न्हाव्याच्या दुकानात, अर्ध्या गालाला साबण लावलेल्या अवस्थेत, मामांनी त्यातलं एक गाणं रेडिओवर ऐकलं. त्यानंतर ते गाणं सगळीकडेच वाजू लागलं. चौघांचे आता तिघं झाले होते, पण नाव असं झालं की शेंबड्या पोरालाही ते गाणं पाठ. तेव्हा मामा म्हणाले, "मी यांना ऐकलंय, आपल्या सभागृहात." न्हावी म्हणाला, "असेल." पुढच्या वर्षी न्हावीच गिऱ्हाइकांना सांगू लागला, की मी यांना ऐकलंय, आपल्या सभागृहात. मग डॉक्टर म्हणू लागले, मग शाळेचे मुख्याध्यापक. कारखान्याच्या संघाचा गोलरक्षकही म्हणू लागला, जो त्या वेळी मैदानावर गोल खात होता. सभागृहात माणसं मावायची तीनशे वीस, पण गावात त्या दिवशी हजर असलेले दोन हजारांवर गेले. मामा त्या गर्दीत कुठेतरी मागे ढकलले गेले. आपण खरे आहोत आणि हे सगळे थापाडे आहेत, हे कोणाला आणि कसं पटवणार?

त्यावर कडी झाली ती गेल्या वर्षी. बाईंची मोठी मुलाखत आली. पुतणीनं ती मोबाइलवर लावली आणि सगळ्या घराला बोलावलं. बाई म्हणाल्या, "आमच्या सुरुवातीच्या काळात एका गावी आम्ही अख्खा कार्यक्रम रिकाम्या खुर्च्यांसमोर केला. एक माणूस नव्हता. त्या दिवसानंतर मला कुठल्याच प्रेक्षकांची भीती वाटली नाही." मुलाखत घेणारा भारावून गेला. गावातले दोन हजार एका रात्रीत गप्प झाले.

भाऊ हसत म्हणाला, "दादा, तुला त्यांनी माणसातच धरलं नाही बघ."

भावजय म्हणाली, "अहो, भावजी तेव्हा झोपले असतील मागे. स्वप्नात ऐकलं असेल."

मामा पण हसले. पण पुतणी हसली नाही. तिनं कॉलेजात सगळ्यांना छाती फुगवून सांगितलं होतं, की माझ्या एकट्या काकांसाठी त्यांनी कार्यक्रम केला होता. दुसऱ्या दिवशी तिथे तिची काय शोभा झाली ती तिनं सांगितली नाही. संध्याकाळी मामांच्या खोलीच्या दारात उभी राहून ती एवढंच म्हणाली, "काका, गावानं कितीही थापा मारू देत. निदान मला तरी खोटं सांगायचं नव्हतं."

"खोटं नाही गं," मामा म्हणाले.

"बरं," ती म्हणाली आणि गेली.

तेव्हापासून तिनं त्या गोष्टीचं नाव काढलं नव्हतं. मामांनीही काढलं नाही. मामांचं सबंध आयुष्य एका कागदावर लिहायला घेतलं असतं तर कागद पुष्कळ कोरा राहिला असता. त्यावर लिहिण्यासारखी होती ती एकच दुपार. ती खोटी ठरली तर मग उरतात नुसत्या खुर्च्या.

आणि आता बाई येणार होत्या. मामांना आणखी एक महिना नोकरी होती. त्यांनी मनाशी पक्कं केलं: दोन मिनिटं मिळाली तरी पुरे. बाईंना सांगायचं. त्यांनी एकदा मान हलवली, की झालं.

बुधवारी रात्री जेवताना त्यांनी पुतणीला विचारलं, "उद्या खुर्च्या लावायला माणूस कमी पडतोय. येतेस का? बाई येणार आहेत."

तिनं ताटातून मान वर केली. यायचं तर होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं.

"तुम्ही त्यांना काही बोलणार नाही ना, काका?"

मामांनी पाण्याचा पेला उचलून तोंडाला लावला.

गुरुवारी सातला दोघं सभागृहात पोचली. सुतळीचं एक टोक पुतणीनं धरलं, एक मामांनी. साडेनऊपर्यंत सोळा रांगा लागल्या. मग शूटिंगवाले आले, त्यांनी खिडक्यांना काळी कापडं लावली, जमिनीवर वायरींचं जाळं पसरलं. दाढी राखलेला एक तरुण दिग्दर्शक दारात उभा राहून रांगांकडे बघत राहिला.

"वा! अगदी फुटपट्टीनं आखल्यासारख्या. कोणी लावल्या?"

"मी," मामा म्हणाले. त्यांना बरं वाटलं.

"मस्त. आता जरा बिघडवू या का? इतक्या सरळ खऱ्या वाटत नाहीत."

त्याच्या माणसांनी इकडच्या चार, तिकडच्या पाच खुर्च्या तिरक्या केल्या. त्या दिवशी रांगा सरळच होत्या, त्यांना हलवायला कोणी आलंच नव्हतं, हे मामांच्या ओठांवरच राहिलं.

अकराला बाई आल्या. केस पांढरे, पायात साध्या चपला, सोबत उंच गिटारवाला, आता जाडजूड झालेला, आणि सिंथेसायझरवाले चष्मिस गृहस्थ. ड्रम एका कोपऱ्यात मांडले होते. त्यांच्यामागे कोणी बसलं नाही. बाईंनी सभागृहाकडे एकदा नजर फिरवली आणि लगेच वळवली. पुतणी मामांच्या बाहीला धरून उभी होती.

"सगळे तयार?" दिग्दर्शक ओरडला. मग त्याचं लक्ष मागे, दाराशेजारी बटणांच्या फळ्याकडे गेलं. मामा आपल्या नेहमीच्या जागी उभे होते. "मामा, तुम्ही बाहेर थांबता का प्लीज? हॉल पूर्ण रिकामा हवा."

"दिवे?"

"दिवे आमचा माणूस बघेल."

मामा बाहेर गेले; पुतणीला शूटिंगवाल्यांनी स्टेजमागे पाण्याच्या कामाला ठेवून घेतलं. दार त्यांच्यामागे लोटलं गेलं. व्हरांड्यातल्या बाकावर न बसता ते दाराला खांदा लावून उभे राहिले. आतून गिटार ऐकू आलं, मग बाईंचा आवाज. आवाज आता जाड झाला होता, पण गाणं तेच. आणि त्याच गाण्याच्या मध्यावर ती जगप्रसिद्ध जागा आली, जिथे शब्द थांबतात आणि बाई नुसतं गुणगुणतात. त्या गुणगुणण्यावर जाणकारांनी लेख लिहिले होते म्हणे. मामा ते दाराबाहेरून ऐकत होते. ज्या कार्यक्रमाला आपण एकटे आत होतो, त्याच्याच नकलेला आपण बाहेर, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांना इतकं एकटं वाटलं की दाराची मूठ घट्ट धरावी लागली.

अर्ध्या तासानं दार उघडलं. सुट्टी झाली होती. माणसं उन्हात बाहेर पडली. मामा आत आले तर बाई एकट्याच मागच्या रांगेपर्यंत चालत आल्या होत्या. त्यांनी एक खुर्ची ओढली, ती करकरली. बसल्या. पुतणी जवळच पाण्याचा ग्लास घेऊन उभी होती. तिनं तो पुढे केला.

"खुर्च्या बदललेल्या दिसतात," बाई म्हणाल्या. "तेव्हा लाकडी होत्या."

"वीस वर्षं झाली बदलून," मामा म्हणाले.

"तुम्ही किती वर्षं आहात इथे?"

"पस्तीस."

"म्हणजे त्या वेळी..."

"होतो." मामा एक पाऊल पुढे आले. "आपण गायलात तेव्हा मी ऐकत होतो."

बाई हसल्या. त्यात वाईट काही नव्हतं; अशा वेळी हसायची सवय लागलेल्या माणसाचं हसू होतं ते. "पुष्कळ जण भेटतात मला इथले. मागे एकदा एक डॉक्टर भेटले, ते म्हणे दुसऱ्या रांगेत होते."

पुतणीनं मान खाली घातली. मामांनी ते पाहिलं. दोन मिनिटं मिळाली होती आणि त्यातलं दीड गेलं होतं.

"बाई," ते म्हणाले, "त्या गाण्यात मधे तुम्ही गुणगुणता ना, तिथे खरं तर ओळ होती. दुपारी तालमीत तुम्ही ती म्हटली होती. कार्यक्रमात विसरलात. विसरलात आणि गुणगुणून वेळ मारून नेलीत. पुढे रेकॉर्ड निघाली, तर त्यात पण तसंच."

बाईंनी ग्लास शेजारच्या खुर्चीवर ठेवला.

"कुठली ओळ?"

मामांना गाता येत नव्हतं. त्यांनी ती नुसती सांगितली, एखादा निरोप सांगावा तशी. "'दार लोटलंय नुसतं, कडी नाही लावली.'"

बाहेर कोणीतरी मोठ्यानं हसत होतं. बाई समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत राहिल्या.

"ही ओळ माझ्या भावानं लिहिली होती," त्या म्हणाल्या. "ड्रमवर होता तो. मी विसरले तेव्हा वाजवता वाजवता माझ्याकडे बघत राहिला. नंतर मला ती म्हणवली नाही कधी." मग त्या एकदम मामांकडे वळल्या. "कुठे होतात तुम्ही?"

"तिथे. बटणांपाशी."

"दिवे मालवून तुम्ही निघून गेलात असं वाटलं आम्हाला. स्टेजवरून काही दिसायचं नाही, नुसता काळोख."

"गेलो नाही. शेवटपर्यंत होतो. उभा."

मामांना वाटलं, हाच तो क्षण. आता बाई मान हलवतील. पुतणी तोंडाला हात लावून काकांकडे बघत होती, आणि तिचे डोळे भरले होते. तेवढ्यानं मामांना पस्तीस वर्षांचा पगार मिळाल्यासारखं झालं.

"मग टाळी का नाही वाजवलीत हो?" बाई म्हणाल्या.

त्या रागावल्या नव्हत्या. रस्ता चुकलेल्यानं दुसऱ्याला विचारावं तसं त्यांनी विचारलं होतं.

मामांनी भिंतीकडे बोट केलं. बटणांच्या वर एक जुनी पत्र्याची पाटी होती. कारखान्याच्या वेळची, रंग उडालेली, कोणी काढायची तसदी न घेतलेली. 'कर्मचाऱ्यांनी प्रेक्षकांच्या खुर्चीवर बसू नये. कार्यक्रमात टाळी वाजवू नये.' एकदा एका जादूगारानं शिपायांना चहापाणी देऊन टाळ्यांना सुरुवात करायला लावली होती, तेव्हा मॅनेजरसाहेबांनी ती ठोकली होती.

बाईंनी पाटी वाचली. "पण त्या दिवशी तर मॅनेजरही नव्हते."

"नव्हते."

"मग?"

मामांनी हा प्रश्न स्वतःला कधी विचारला नव्हता असं नाही. विचारला होता आणि दर वेळी पाटी पुढे केली होती. आता पाटी वाचून झाली होती.

"हात वर आले होते," ते म्हणाले. "पण वाटलं, एवढ्या मोठ्या हॉलमध्ये एकट्याची टाळी... टिंगल केल्यासारखी वाटेल तुम्हाला. शिपाई टिंगल करतोय असं. लाजलो मी."

बाईंनी हळूहळू मान हलवली. मामांना हवी होती तशीच. पण ती बघून त्यांना पायाखालची जमीन सरकल्यासारखं वाटलं.

"परत जाताना भाऊ गाडीत एक शब्द बोलला नाही," बाई म्हणाल्या. "स्टँडपाशी म्हणाला, गाडी थांबवा. बॅग घेऊन उतरला. मी खूप समजावलं. तो म्हणाला, ताई, तू भिंतीसमोर पण गाशील, माझ्यानं नाही होणार. एका माणसाची टाळी आली असती ना, तरी राहिलो असतो मी." त्यांनी ग्लास पुन्हा हातात घेतला, पण पाणी प्यायल्या नाहीत. "हार्डवेअरचं दुकान काढलं त्यानं. बरं चाललं. पुन्हा कधी काठ्या हातात धरल्या नाहीत. दोन वर्षांपूर्वी गेला."

मामा उभे होते. त्यांनी हात जोडले. बाईंनी ते जोडलेले हात पाहिले आणि आपला एक हात त्यांच्यावर ठेवला.

"तुम्ही काय करणार होतात," त्या म्हणाल्या. "तुमची नोकरी होती." मग पुतणीकडे बघून हसायचा प्रयत्न केला. "तुझे वडील?"

"काका आहेत माझे," पुतणी म्हणाली.

दिग्दर्शकानं हाक मारली. शेवटचा एक शॉट राहिला होता. बाई उठल्या, चार पावलं गेल्या आणि थांबून म्हणाल्या, "हे आत राहतील."

"ताई, पण हॉल रिकामा..."

"अंधारात कोणाला दिसणार आहेत ते? तेव्हाही दिसले नव्हते."

दिग्दर्शकानं खांदे उडवले. "बरं. पण मामा, गाणं संपलं की अजिबात आवाज नको हं. ती शांतता मला हवीय. टाचणी पडली तरी ऐकू येईल."

दिवे गेले. मामा बटणांपाशी, पाटीखाली उभे राहिले. स्टेज उजळलं. बाई गायल्या. मधली ती जागा आली, आणि मामांनी कान टवकारले. पण बाईंनी ओळ म्हटली नाही. नेहमीप्रमाणे गुणगुणल्या, फक्त कोपऱ्यातल्या रिकाम्या ड्रमकडे बघत. गाणं संपलं. शांतता पसरली. दिग्दर्शकाला हवी होती तशी, अगदी तंतोतंत. मामांचे दोन्ही हात पुढे आले होते. ते त्यांनी एकमेकांत गुंतवले आणि घट्ट दाबून धरले, बोटं पांढरी पडेपर्यंत.

"कट!" दिग्दर्शक आनंदानं ओरडला.

दोन वाजेपर्यंत सगळे गेले. बाईंनी गाडीत बसताना काच खाली करून हात हलवला. काळी कापडं निघाली, वायरी गुंडाळल्या गेल्या, आणि सभागृहात मामा आणि पुतणी दोघंच उरली.

"काका," ती म्हणाली. जवळ येऊन तिनं आपलं डोकं त्यांच्या खांद्याला टेकवलं. आणि मग म्हणाली, "मी सगळ्यांना सांगणार आहे. कॉलेजात, घरी, सगळ्यांना. तुम्ही होतात म्हणून."

"नको," मामा म्हणाले.

"का?"

मामांनी स्टेजकडे पाहिलं. म्हणाले, "एक काम कर. स्टेजवर जाऊन उभी राहा."

"कशाला?"

"राहा तर."

ती गेली. मधोमध, बाई उभ्या होत्या तिथे उभी राहिली. मामा पाठीमागे दाराशी गेले, खिडक्यांचे पडदे ओढले, सभागृहाचे दिवे घालवले आणि फक्त स्टेजचे ठेवले. पुतणीनं डोळ्यांवर हात धरला.

"काका, मला काहीच दिसत नाहीये."

"दिसायचं नाहीच."

मग मामांनी टाळी वाजवली. फार जोरात नाही. पाच-सहा वेळा, एकट्या माणसाला जेवढी वाजवता येते तेवढी. सोळा रांगांवरून ती पुढे गेली आणि थांबली.

"ऐकू आली?" त्यांनी विचारलं.

डोळ्यांवरचा हात तिनं खाली घेतला होता आणि अंधारात ते असतील तिकडे ती बघत होती.

"खरं सांग हं."

"आली, काका," ती म्हणाली. "स्पष्ट ऐकू आली."

"येते तर," मामा म्हणाले.

खुर्च्या आवरायच्या होत्या. त्यांनी शेवटच्या रांगेतल्या पहिल्या खुर्चीला हात घातला, घडी घालायला म्हणून. मग घडी न घालता ते तिच्यावर बसले, तशी ती करकरली. लोखंड थंडगार होतं. पस्तीस वर्षांत ते इथे पहिल्यांदाच बसत होते. करकर ऐकून पुतणी त्यांच्या उठण्याची वाट बघत राहिली. मग स्टेजवरून उतरली आणि तिकडून, पहिल्या रांगेपासून, एक एक खुर्ची मिटायला लागली. खट. खट. मामा अंधारात बसून ऐकत राहिले.